माउंटन बाईकला ट्यूबलेस करावं का? आधी बाद झालेल्या ट्यूब टबात धरून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २९ इंची हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली), तुमचं वजन ७४ किलो, आठवड्यातून दोनदा वेताळ टेकडी आणि रविवारी सासवड-जेजुरीकडचे कच्चे रस्ते. दिवाळीपासून सहा पंक्चर झाली. मित्र म्हणतो ट्यूबलेस करून टाक, पंक्चर विसरून जाशील. दुकानदार म्हणतो खर्च उगाच होईल आणि दर दोन महिन्यांनी टायरमध्ये ओतायच्या चिकाचा राडा निस्तरत बसावं लागेल. यातलं कोणाचं ऐकावं?

दोघंही अर्धं खरं सांगतायत. मी पुण्यात सतरा वर्षं सायकली दुरुस्त करतोय, त्यातली दहा वर्षं माझी स्वतःची माउंटन बाईक ट्यूबलेस आहे. कोणी हा प्रश्न घेऊन आलं की मी सायकल बघायच्या आधी बाद झालेल्या ट्यूब मागतो. त्यांत हवा भरून पाण्याच्या टबात धरतो आणि बुडबुडे कुठून येतात ते बघतो. टायरला टेकणाऱ्या बाजूला एकच बारीक भोक असेल तर तो काटा. शेजारीशेजारी दोन चिरा असतील, साप चावल्यासारख्या, तर चाक दगडावर आपटलं आणि ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चेचली गेली. भोक आतल्या बाजूला, आऱ्यांकडे असेल तर रिमवरची पट्टी सरकली आहे. त्यासाठी ट्यूबलेस करायची काही गरज नाही, नवी पट्टी बसवली की झालं. आणि व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटली असेल तर हवा कमी ठेवून चालवल्यामुळे टायरबरोबर ट्यूब आत सरकत गेली आहे.

हे आधी बघायचं कारण असं की ट्यूबलेस पहिल्या दोन दुखण्यांवर औषध आहे, आणि त्या दोघांवर ते वेगवेगळ्या प्रकारे काम करतं.

त्याआधी एक गैरसमज दूर करतो, कारण जवळजवळ प्रत्येक जण तो घेऊन येतो. स्कूटरचं ट्यूबलेस आणि माउंटन बाईकचं ट्यूबलेस यात नावापलीकडे फारसं साम्य नाही. स्कूटरच्या टायरला आतून हवा न सोडणाऱ्या रबराचा जाड थर असतो, तो कोरडाच हवा धरतो. सायकलमध्येही सुरुवात तशीच झाली होती. १९९९ मध्ये माविक, हचिन्सन आणि मिशलिन या कंपन्यांनी मिळून यूएसटी नावाची पद्धत आणली. तिच्या रिमला आतल्या बाजूने आऱ्यांची भोकंच नव्हती आणि टायर आतून हवाबंद होता. पद्धत पक्की होती, पण ते टायर जड आणि महाग. आज आपण ज्याला ‘ट्यूबलेस रेडी’ म्हणतो तो टायर हलका आणि पातळ असतो, आणि एकटा तो हवा धरत नाही. आत ओतलेलं सीलंट, म्हणजे भोकं बुजवणारा पातळ चीक, त्याच्या कापडातली सूक्ष्म छिद्रं बुजवतं, तेव्हा कुठे तो हवाबंद होतो. म्हणजे सीलंट हा इथे पंक्चरसाठीचा जादा बंदोबस्त नसून चाकाचाच एक भाग आहे. ते सुकलं की तुमचं चाक अर्धवट झालं. मित्र तुम्हाला हे सांगायला विसरला.

आता काटे. पुण्याच्या पूर्वेला, सासवडपासून पुढे जेजुरी-बारामतीपर्यंत, बाभळ, वेडी बाभळ आणि सराटा हे तीन शत्रू आहेत. त्यातला सराटा सायकलसाठी सगळ्यात वाईट. पावसाळ्यात तो जमिनीलगत पसरतो, पिवळी फुलं येतात, आणि दिवाळीनंतर त्याची वाळलेली फळं फुटून काटेरी तुकडे वाटेवर पडतात. तुकडा कसाही पडला तरी एखादा काटा वर असतोच. तुमची पंक्चरं दिवाळीपासून सुरू झाली याचं मला म्हणूनच नवल वाटलं नाही. अमेरिकेच्या पश्चिम भागातले सायकलवाले ज्याला ‘गोटहेड’ म्हणून शिव्या घालतात ती हीच वनस्पती. तिकडे काट्यांच्या भागात सीलंटशिवाय सहसा कोणी माउंटन बाईक काढत नाही, याचं मोठं कारण हा सराटाच.

सीलंट म्हणजे बहुतेक वेळा रबराचा चीक, पाण्यात आणि अमोनियासारख्या द्रव्यात पातळ ठेवलेला, आणि त्यात बारीक कण. काटा शिरला की हवा भोकाकडे धावते, चीक तिच्याबरोबर ओढला जातो, कण भोकात अडकतात आणि त्याभोवती चीक गोठतो. सराट्याचं भोक चाकाचे दोन-तीन फेरे होईतो बंद होतं. तुम्हाला कळतही नाही. गेल्या फेब्रुवारीत माझ्या मागच्या चाकाचा टायर झिजला म्हणून काढला. आतून पुसला आणि दिव्याखाली धरला, तर पांढऱ्या चिकाच्या वाटाण्याएवढ्या गाठी दिसल्या आणि प्रत्येक गाठीच्या मध्ये काट्याचं काळं टोक. मोजले, एकोणतीस निघाले. त्याआधीच्या पाच महिन्यांत मी रस्त्यात एकदाही थांबलो नव्हतो. ट्यूब असती तर त्यातली अर्धी जरी आत पोचली असती तरी मी सायकल विकून टाकली असती.

बाभळीचा काटा मात्र आत ठेवू नका. तो लांब असतो, टायर दबला की आत जाऊन आऱ्यांची भोकं झाकणाऱ्या रिमवरच्या टेपला भोसकू शकतो, आणि टेपचं भोक सीलंटला नीट बुजवता येत नाही. हवा आऱ्यांच्या भोकांतून निघत राहते आणि तुम्ही टायरमध्ये पंक्चर शोधत बसता. दिसला की उपटा, भोक खाली येईल असं चाक फिरवा आणि दहा सेकंद धरा.

एवढं सगळं असूनही, काट्यांसाठीच ट्यूबलेस करावं असं मी म्हणणार नाही. काट्यांवर याहून स्वस्त उपाय आहे, त्याकडे पुढे येतो. ट्यूबलेसचा खरा फायदा हवा कमी ठेवता येण्यात आहे. तो चालवल्याशिवाय पटत नाही म्हणून लोक त्याबद्दल कमी बोलतात.

तुमच्या वजनाला २.२५ इंच रुंदीच्या टायरमध्ये ट्यूब असताना हवा ३२ ते ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवावी लागते. त्याखाली गेलात की सह्याद्रीचा काळा दगड, ज्याच्या कडा कोयत्यासारख्या असतात, ट्यूब चेचणार. ट्यूबच नसेल तर चेचायला काही उरत नाही. मग पुढे २२-२३ आणि मागे २५-२६ पीएसआयवर बिनधास्त जाता येतं. हे दहा पीएसआय काय करतात ते वेताळ टेकडीवरच बघा. सुटा मुरूम असलेला एखादा उभा चढ घ्या. कडक टायर खड्यांवर गोट्यांवर चालल्यासारखा घसरतो, पेडल मारलं की मागचं चाक जागीच फिरतं आणि तुम्ही पाय टेकता. मऊ टायर खडे पोटात घेतो. जमिनीला त्याचा लांब पट्टा टेकतो, टायरची नक्षी खाली चावते आणि चढ निघून जातो. उतारावर, विशेषतः पावसाळ्यात शेवाळलेल्या दगडांवर, पुढच्या चाकाची पकड हाच सायकल आणि दवाखाना यातला फरक असतो.

पुष्कळांना वाटतं की हवा कमी म्हणजे सायकल जड चालणार. डांबरी रस्त्यावर हे काहीसं खरं आहे. खडकाळ वाटेवर उलटं होतं. कडक टायर प्रत्येक दगडावर उडतो, म्हणजे प्रत्येक दगडागणिक तुमचं आणि सायकलचं वजन तुम्ही थोडं वर उचलता. मऊ टायर तेवढ्याच जागी फक्त दबतो. तीन तासांच्या फेरीनंतर हा हिशेब हातांच्या मुंग्यांवरून आणि कंबरेवरून कळतो. यासाठी एक छोटा डिजिटल गेज मात्र घ्या. पंपावरचा काटा एवढ्या कमी दाबाला भरवशाचा नसतो, आणि अंगठ्याने दाबून २३ आणि २७ मधला फरक कोणालाच कळत नाही.

पण फार खाली जाऊ नका. हवा अति कमी झाली की वळणावर टायरची कड रिमवरून क्षणभर सुटते, फस्सकन ढेकर दिल्यासारखी हवा जाते आणि चाक निम्मं बसतं. शिवाय ट्यूब नसली तरी दगड रिमला लागतोच. ट्यूब फाटण्याऐवजी रिमची कड वाकली तर ट्यूबपेक्षा कितीतरी पट भुर्दंड. रिमवर ठोका लागल्याचा ‘टण’ आवाज फेरीत एकदा आला तर ठीक, दोनदा आला तर दोन पीएसआय वाढवा.

वजन वाचतं म्हणून कोणी ट्यूबलेस करत असेल तर त्याला मी थांबवतो. २९ इंची साधी ट्यूब साधारण २०० ग्रॅमची. तिच्या जागी १०० ग्रॅम सीलंट, वर टेप आणि व्हॉल्व्ह. एका चाकामागे ७०-८० ग्रॅम वाचले तर वाचले.

आता तुमच्या दुकानदाराची बाजू, कारण तीही खरी आहे.

सीलंट सुकतं. थंड देशातल्या बाटलीवर सहा महिने लिहिलेलं असलं तरी पुण्याच्या एप्रिलमध्ये बाल्कनीत उभ्या सायकलीला ते लागू नाही. मी मार्च ते मे दर सहा आठवड्यांनी आणि एरवी दर अडीच-तीन महिन्यांनी बघतो. चाक कानाजवळ धरून हलवायचं. आत डचमळल्याचा आवाज आला तर आहे. शंका असेल तर व्हॉल्व्हची पिन काढून आत केबल टाय घालायचा, विहिरीत काठी घालतो तसा, आणि किती ओला येतो ते बघायचं. कमी असेल तर ५०-६० मि.ली. व्हॉल्व्हमधूनच पिचकारीने भरता येतं, टायर उघडावा लागत नाही. ज्याला हे वर्षातून चार-पाचदा करायचा कंटाळा आहे, जो महिन्यातून एकदाच सायकल काढतो, त्याने ट्यूबवरच राहावं. उभ्या उभ्या सुकलेलं सीलंट म्हणजे पैसे ओतून टायर कोरडा ठेवण्यासारखं आहे.

बसवणं हे दुसरं दुखणं. नव्वद टक्के तक्रारी टेपपाशी सुरू होतात. टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा दोन-तीन मि.मी. जास्त रुंद हवी, म्हणजे आत २५ असेल तर २७-२८. रिम स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडी करायची, टेप ताणून दोन वेढे, व्हॉल्व्हच्या भोकाच्या पुढे दहा सें.मी. जाऊन संपवायची. व्हॉल्व्हसाठी ब्लेडने फुली कापू नका, ती चीर पुढे फाटत जाते. सुई तापवून गोल भोक पाडा. कडांना साबणाचं पाणी लावा, पिन काढा आणि कॉम्प्रेसरची हवा एका दमात सोडा. कड जागेवर बसताना ‘टाक, टाक’ असा सणसणीत आवाज येतो. पहिल्यांदा ऐकणारा दचकतो, पण तोच हवा असतो. टायरवर छापलेला कमाल दाब ओलांडू नका. मग टायरच्या भिंतीवर रिमलगत जी बारीक रेघ असते ती चाकभर सारखी दिसते का ते बघा. सीलंट ९० ते ११० मि.ली. घाला, चाक सगळीकडून हलवा आणि बादलीवर अर्धा तास एका अंगाला, अर्धा तास दुसऱ्या अंगाला आडवं ठेवा. पहिल्या रात्री हवा थोडी उतरते, घाबरू नका. दोन-तीन फेऱ्यांनंतर धरते.

आणि रस्त्यात खरंच फाटलं तर? हे मी सविस्तर सांगतो, कारण इथेच लोक फसतात, आणि मीही फसलो आहे. तीन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात ताम्हिणीच्या बाजूला एका उतारावर दगडाच्या कडेने मागच्या टायरची भिंत चिरली, बोटाच्या पेराएवढी. सीलंटचा फवारा पिंढरीवर आला. भोक बुजवायच्या दोन रबरी पट्ट्या चिरेत खुपसल्या, हवा भरली, दोन्ही बाहेर आल्या. नक्षीच्या भागात अशी पट्टी उत्तम धरते, भिंतीत क्वचितच, कारण तिथे कापड पातळ असतं. मग ट्यूब घालायची तर ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह काढायला हवा, आणि त्याची चकती मी घरी पकडीने आवळली होती. हाताने हलेना. जवळच्या वाडीतून पक्कड मागून आणली. फाटलेल्या जागी आतून जुन्या टायरचा तुकडा लावला, ट्यूब घातली, निघालो, आणि शंभर मीटरवर चाक पुन्हा बसलं. टायरच्या आत आधीचे सगळे काटे टोकं वर करून बसलेले होते! सीलंटला त्यांचा त्रास नव्हता, ट्यूबला लगेच झाला. ऊन उतरेपर्यंत मी टायर उलटा करून एकेक टोक दगडाने घासत आणि नेलकटरने ओढत बसलो, आणि सोबत्याच्या ट्यूबवर घरी आलो.

त्या दिवसापासून व्हॉल्व्हची चकती फक्त बोटांनी आवळतो, ट्यूब घालण्याआधी टायर आतून रुमालाने चाचपतो (उघड्या बोटांनी नको), आणि ट्यूबलेस असूनही पिशवीत एक ट्यूब, पट्ट्या आणि सुई, लिव्हर, लहान पंप आणि टायरचा तुकडा असतोच. मित्राने ‘पंक्चर विसरशील’ म्हटलं असलं तरी ट्यूब घरी विसरू नका. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडे मात्र जाऊ नका. त्याची स्कूटरची सुई सायकलच्या पातळ टायरमध्ये काट्यापेक्षा मोठं भोक पाडते. आणि सिलिंडरच्या कार्बन डायऑक्साइडने हवा भरायची सवय असेल तर सीलंटची बाटली आधी वाचा, काही सीलंट त्याने आतच गोठतात.

मनाली-लेहचा बेत करणारे हाच प्रश्न विचारतात म्हणून एक ओळ त्यांच्यासाठी. पुण्यातून लेहच्या ३,५०० मीटरवर पोचलात की बाहेरचा दाब कमी झाल्यामुळे टायरमधली हवा सुमारे ४ पीएसआयने जास्त भरते, तिथे पोचल्यावर गेज लावा. तशा लांब प्रवासात ट्यूबलेस चालेल, पण दोन ट्यूब बरोबर घेऊनच.

आता तो स्वस्त उपाय. आपल्याकडच्या बऱ्याच माउंटन बाईकना स्कूटरसारखा जाड, श्रेडर व्हॉल्व्ह असतो. त्याची पिन निघते. पिन काढून ट्यूबमध्येच ६०-७० मि.ली. सीलंट घाला. सराट्याच्या आणि बारीक काट्यांच्या पंक्चरमधली बहुतेक यानेच थांबतात, टायर-रिम काही बदलावं लागत नाही. दगडाने चेचलेल्या ट्यूबला याचा उपयोग नाही आणि हवा ३२ च्या खाली नेता येत नाही, एवढ्या मर्यादा. ज्याची रिम ट्यूबलेसची नाही आणि टायर तारेच्या कडेचा आहे त्याला मी हेच करायला सांगतो. तसल्या रिमवर टेपचे थर चढवून जबरदस्तीने ट्यूबलेस केलेली चाकं माझ्याकडे येतात. सरळ रस्त्यावर ती चालतात, पण वेगात वळताना कड सुटली तर दात जातात. त्या जुगाडाला मी हात लावत नाही.

तुमच्या बाबतीत माझं मत: रिमवर ‘ट्यूबलेस रेडी’ लिहिलेलं असेल तर करा. तुम्ही आठवड्यातून तीनदा चालवता, सीलंट सुकायच्या आत वापरलं जाईल, आणि टेकडीवर कमी हवेचा फायदा तुम्हाला पहिल्याच चढावर कळेल. दोन्ही टायर एकदम घ्यायला जड जात असतील तर आधी मागचं करा, वजन आणि ठोके तिथेच जास्त बसतात. रिमला श्रेडरचं मोठं भोक असेल तर त्याच मापाचा ट्यूबलेस व्हॉल्व्ह किंवा भोक लहान करणारी रबरी चकती मागा, नाहीतर बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह त्यात डुगडुगतो आणि तिथूनच हवा जात राहते.

सहाच्या सहा ट्यूब फेकल्या नसतील तर आज टबात धरा. किती एका भोकाच्या आणि किती दोन चिरांच्या निघाल्या ते कळवा, बरोबर रिमच्या आतली रुंदी आणि टायरच्या भिंतीवर काय छापलंय तेही. टेप किती रुंदीची घ्यायची ते मग नक्की सांगतो.